निन्टेंडो ६४ मधून आरजीबी: एका पुसट चित्राचा माग

हे प्रकरण अमेरिकेत विकल्या गेलेल्या एका निन्टेंडो ६४ चं आहे. कन्सोल ठणठणीत होता. कार्ट्रिज पहिल्याच फटक्यात लागत होती, आवाज स्वच्छ होता, कंट्रोलरची काही कुरकुर नव्हती. तक्रार फक्त चित्राची होती आणि मालकांनी ती एका वाक्यात सांगितली: "एलसीडीवर सगळं पुसट दिसतं, आत एचडीएमआय किट बसवून द्या."

या वाक्यात तक्रारही आहे आणि इलाजही. अशा वेळी मी इलाज थोडा वेळ बाजूला ठेवतो. जुन्या कन्सोलच्या पुसट चित्रामागे तीन-चार कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचं ठिकाण निराळं असतं. चित्र तयार करणाऱ्या चिपपासून पडद्यापर्यंत सिग्नल कितीतरी टप्पे पार करतो. ज्या टप्प्यावर चित्र बिघडतं त्याच्या आधी ते उचललं, तरच मॉडचा, म्हणजे कन्सोलच्या आत केलेल्या बदलाचा, उपयोग होतो. त्या टप्प्यानंतर उचललं, तर बिघडलेलं चित्रच जास्त स्वच्छपणे पडद्यावर येतं. या कन्सोलमध्ये दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाहायला मिळाल्या, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

मालकांकडचं सामान असं होतं: कन्सोल, त्याची मूळ पिवळ्या पिनची केबल, एक एलसीडी टीव्ही, आणि दुसऱ्या कन्सोलसाठी घेतलेला ओएसएससी, म्हणजे २४० ओळींचं चित्र दुप्पट-तिप्पट ओळींचं करून एचडीएमआयमधून देणारा लाइन डबलर. ओएसएससी निन्टेंडो ६४ ला कधी लावलाच नव्हता, कारण त्याला पिवळ्या पिनचं किंवा एस-व्हिडिओचं (ज्यात उजेड आणि रंग वेगळ्या तारांवरून जातात) इनपुट नाही. तो आरजीबी (लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळ्या तारांवर) किंवा कंपोनंट (चित्र तीन तारांवर वेगळ्या रीतीने विभागलेलं) मागतो, आणि अमेरिकन निन्टेंडो ६४ यांपैकी काहीच देत नाही.

न उघडता केलेली तपासणी

आधी आहे त्याच जोडणीत नीट पाहिलं. लाल अक्षरांचा रंग उजवीकडे ओघळत होता. दोन गडद रंगांच्या सीमेवर बारीक ठिपके मुंगीसारखे सरकत होते. वेगवान हालचालीत कडांना कंगव्यासारखे दाते दिसत होते. बटण दाबल्यावर पात्र किंचित उशिरा उडी मारत होतं. आणि या सगळ्याच्या खाली, पडदा स्थिर असतानाही, एक सर्वसाधारण मऊपणा होता.

ओघळणारा रंग आणि सरकणारे ठिपके ही कंपोझिटची, म्हणजे पिवळ्या पिनच्या सिग्नलची, खूण. पिवळ्या पिनमधून उजेडाची माहिती आणि रंगाची माहिती एकाच तारेवरून जाते. एनटीएससीमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीत, रंग ३.५८ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवलेला असतो आणि ती लहर उजेडाच्या तपशिलाच्या पट्ट्यातच पडते. टीव्ही दोन्ही वेगळे करायचा प्रयत्न करतो, पण ते पूर्ण वेगळे कधीच होत नाहीत. जे चुकून पलीकडे जातं ते ठिपक्यांच्या किंवा खोट्या रंगाच्या रूपात दिसतं.

दाते आणि उशीर यांचा कन्सोलशी संबंध नव्हता. निन्टेंडो ६४ चे बहुतेक गेम २४०पी देतात, म्हणजे प्रत्येक वेळी तेच २४० ओळींचं सलग चित्र. पुष्कळ एलसीडी टीव्ही त्याला ४८०आय, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांचा सिग्नल, समजतात आणि लागोपाठची दोन चित्रं एकमेकांत विणतात. जिथे काही हललं तिथे दाते दिसतात, आणि विणकामाला लागणारा वेळ खेळणाऱ्याच्या हाताला जाणवतो.

मग कन्सोलला एस-व्हिडिओ केबल लावून जुन्या काचेच्या ट्यूबच्या टीव्हीवर पाहिलं. अमेरिकन मॉडेलच्या मागच्या मल्टी-आऊट सॉकेटमध्ये एस-व्हिडिओ मुळातच आहे, त्यासाठी एकही स्क्रू काढावा लागत नाही. ठिपके गेले, रंगाचं ओघळणं बरंच कमी झालं, दाते आणि उशीर दोन्ही नाहीसे झाले. मऊपणा मात्र तसाच राहिला. हे निरीक्षण मी वहीत वेगळं लिहून ठेवलं, कारण पुढे त्याच्यावरच सगळं अडणार होतं.

ही चाचणी केल्याशिवाय या कन्सोलवर सोल्डरिंग आयर्न टेकवू नये असं माझं ठाम मत आहे. ज्यांच्याकडे एस-व्हिडिओ घेणारा ट्यूब टीव्ही आहे त्यांचं काम इथेच संपतं. ज्यांच्याकडे एस-व्हिडिओ घेणारा रेट्रोटिंकसारखा बाहेरचा कन्व्हर्टर आहे त्यांचंही बहुतेक संपतं. मालकांना हे स्पष्ट सांगितलं. त्यांच्याकडे ओएसएससी आधीपासून होता आणि तोच वापरायचा होता, त्यामुळे आरजीबी बाहेर काढण्याला सबळ कारण होतं. चमत्काराच्या अपेक्षेने उघडण्यापेक्षा एका ठरावीक यंत्राला लागणारा सिग्नल मिळवण्यासाठी उघडणं वेगळं.

आत कुठली चिप आहे

निन्टेंडो ६४ च्या तळाचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत. त्यांना ४.५ मिलिमीटरचा खास बिट लागतो. कार्ट्रिजचे स्क्रू ३.८ मिलिमीटरचे. कन्सोल उघडण्याआधी पुढच्या झाकणाखालचा जंपर पॅक किंवा एक्स्पान्शन पॅक काढावा लागतो, आणि चाचणी घेताना तो आठवणीने परत बसवावा लागतो. जंपर पॅकमध्ये मेमरी नसते, तो कन्सोलच्या मेमरीच्या (रॅमबस) तारांची टोकं नीट बंद करतो. तो नसेल तर पडदा काळा राहतो आणि मॉड करणाऱ्याला वाटतं की आपण कन्सोल मारला.

आतला मार्ग असा आहे. सिलिकॉन ग्राफिक्सने घडवलेली आरसीपी ही ६२.५ मेगाहर्ट्झची चिप चित्र तयार करते. ते चित्र सात डिजिटल तारांवरून बाहेर पडतं. घड्याळाच्या चार ठोक्यांत एक पिक्सेल जातो: एका ठोक्याला सिंकची, म्हणजे ओळ आणि चित्र कुठे सुरू होतं याची, माहिती, मग लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक रंगाला सात बिट म्हणजे १२८ पायऱ्या. पुढे एक चिप या आकड्यांचं ॲनालॉग लाल-हिरव्या-निळ्या सिग्नलमध्ये रूपांतर करते, आणि त्यानंतरची एन्कोडर चिप त्या तिघांना मिसळून एस-व्हिडिओ आणि कंपोझिट बनवते.

म्हणजे स्वच्छ आरजीबी या कन्सोलच्या पोटात तयार होतं आणि लगेच मिसळून टाकलं जातं. सुरुवातीच्या अमेरिकन आणि जपानी बोर्डांवर ही दोन कामं दोन वेगळ्या चिप करतात, व्हीडीसी-एनयूएस आणि ईएनसी-एनयूएस. त्यामुळे दोघींच्या मधल्या रस्त्यावर आरजीबी हाताला लागतं. नंतरच्या बोर्डांवर दोन्ही कामं एकाच चिपमध्ये आली आणि तो रस्ता चिपच्या आत बंद झाला. तिथे ॲनालॉग मॉड शक्यच नाही. सातही डिजिटल तारा पकडून स्वतःचं रूपांतर करणारा बोर्डच बसवावा लागतो.

अनुक्रमांकावरून अंदाज बांधण्याची पद्धत आहे. एनएस१ ने सुरू होणारे अमेरिकन कन्सोल साधारणपणे जुन्या बोर्डाचे असतात आणि हा त्यातलाच होता. पण कन्सोल हात बदलत येतात, दोन तुटक्यांमधून एक जोडलेला असतो, खालचं कवच भलत्याचंच असू शकतं. पत्र्याची शील्ड काढून चिपवरची अक्षरं वाचली. व्हीडीसी-एनयूएस स्पष्ट लिहिलेलं होतं.

कुठला मॉड, आणि का

आता एचडीएमआयची मागणी पुन्हा समोर घेतली. अल्ट्राएचडीएमआयसारखा मॉड आरसीपीच्या डिजिटल तारा थेट पकडतो. चित्र एकदाही ॲनालॉग होत नाही आणि निकाल उत्तम येतो. त्याची किंमतही तशीच मोजावी लागते. आरसीपीच्या अतिशय बारीक, जवळजवळ असलेल्या पायांवर सोल्डर करावं लागतं, आणि कवचाला सहसा एचडीएमआय सॉकेटसाठी नवं भोक पाडावं लागतं. एका पायावर ओढ बसली आणि तो तुटला, तर कन्सोल गेलाच.

दुसरा रस्ता साधा होता. मल्टी-आऊट सॉकेटला बारा पिना आहेत. त्यातल्या १, २ आणि ४ या लाल, हिरव्या आणि निळ्यासाठी सुपर निन्टेंडोच्या काळापासून राखलेल्या. निन्टेंडो ६४ वर त्या जागेवर आहेत, फक्त त्यांना काही जोडलेलं नाही. व्हीडीसीपासून या तीन रिकाम्या पिनांपर्यंत एक छोटा ॲम्प्लिफायर घातला की झालं. कवच कापावं लागत नाही, बोर्डावरची कुठलीही वाट तोडावी लागत नाही, आणि उद्या मालकांचं मन बदललं तर सगळं उकलून कन्सोल पूर्ववत करता येतो. जे उलटवता येतं ते आधी करावं, हा माझा नियम आहे. नव्याने न बनणाऱ्या यंत्राच्या बाबतीत तो पाळावाच. मालक तयार झाले.

ॲम्प्लिफायर लागतोच का, हा प्रश्न नेहमी येतो. व्हिडिओच्या तारेला दोन्ही टोकांना ७५ ओहम असतात: पाठवणाऱ्याकडे एक रेझिस्टर ओळीत (सिरीजमध्ये), घेणाऱ्याकडे एक जमिनीला (ग्राउंडला). दोघं मिळून व्होल्टेज अर्धं करतात. टीव्हीला ०.७ व्होल्ट मिळायला हवेत, तर ॲम्प्लिफायरने १.४ द्यायला हवेत. चिपचा नाजूक सिग्नल थेट केबलवर सोडला तर चित्र अंधारतं आणि चिपवर नको तो भार येतो.

टीएचएस७३१४ ही चिप निवडली. तिला आठच पाय आहेत: तीन इनपुट, तीन आऊटपुट, वीज आणि जमीन. ती सिग्नल दुप्पट करते आणि ८.५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा फिल्टर तिच्यातच आहे. या फिल्टरमुळे चित्र मऊ होतं, म्हणून फिल्टर बंद करता येणारी टीएचएस७३७४ च घ्यावी, असं सांगितलं जातं. या कन्सोलपुरतं तसं नाही. अमेरिकन मॉडेलचं व्हिडिओ घड्याळ सुमारे ४८.६८ मेगाहर्ट्झचं, चार ठोक्यांना एक पिक्सेल, म्हणजे सेकंदाला १.२१७ कोटी पिक्सेल. एकाआड एक काळा-पांढरा पिक्सेल ही सर्वांत अवघड परिस्थिती धरली तरी लहर ६.१ मेगाहर्ट्झच्या आत राहते. ८.५ चा फिल्टर तिला जवळपास हात लावत नाही, उलट घड्याळाचा वरचा गोंगाट अडवतो.

प्रत्यक्ष जोडणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ॲम्प्लिफायर छोट्या बोर्डावर बसवला, विजेच्या पायाजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला, तिन्ही आऊटपुटवर ७५ ओहम लावले. वीज बोर्डावरच्या ५ व्होल्टमधून घेतली. बोर्डावर १२ व्होल्टही फिरतात, म्हणून तार लावण्याआधी मल्टीमीटरने प्रत्येक जागा मोजली. तारा आखूड ठेवल्या आणि शील्डचे स्क्रू त्यांना चिमटणार नाहीत अशा कडेने नेल्या. वीज देण्याआधी ५ व्होल्ट आणि जमीन यांच्यात शॉर्ट नाही हे तपासलं.

पहिलं चित्र: अंधारलेलं

ओएसएससीने सिग्नल लगेच पकडला, टीव्हीवर स्थिर चित्र आलं. दाते नव्हते, उशीर नव्हता, ठिपके नव्हते. पण चित्र काळवंडलेलं होतं, आणि एकरंगी आकाशावर अगदी फिकट अशी जाळी तरळत होती.

साहजिकच मालकांची नजर नव्या बोर्डाकडे गेली. ऑसिलोस्कोप आधी ॲम्प्लिफायरच्या इनपुटवर लावला, मग आऊटपुटवर. दुप्पट हवं तिथे दुप्पट होतं, तिन्ही रंगांचं प्रमाण सारखं होतं. केबलच्या दुसऱ्या टोकाला मात्र पांढऱ्या रंगाची पातळी अपेक्षेच्या जवळपास दोन-तृतीयांश भरली. हा अपूर्णांक बोलका आहे. १.४ व्होल्ट, ओळीत ७५ ओहम, आणि पुढे जमिनीला ७५ ऐवजी ३७.५ ओहम असतील तर सुमारे ०.४७ व्होल्ट उरतात, म्हणजे ०.७ च्या बरोबर दोन-तृतीयांश. जमिनीला ३७.५ ओहम मिळतात ते ७५ चे दोन रेझिस्टर समांतर आल्यावर. एक ओएसएससीमध्ये होता. दुसरा शोधायचा होता.

तो केबलमध्ये सापडला. कन्सोल ओएसएससीला जोडणारी मालकांची स्कार्ट केबल (स्कार्ट म्हणजे आरजीबी नेणारा युरोपीय जोड) युरोपीय सुपर निन्टेंडोसाठी बनलेली होती. प्लग तंतोतंत सारखा असल्याने ती बसते, पण आतली मांडणी वेगळी असते. युरोपीय सुपर निन्टेंडोच्या केबलमध्ये प्रत्येक रंगाच्या तारेवर जमिनीला ७५ ओहमचा रेझिस्टर असतो, कारण त्या कन्सोलला तो लागतो. अमेरिकन आणि जपानी सुपर निन्टेंडोच्या केबलमध्ये हे रेझिस्टर नसतात, त्याऐवजी प्रत्येक रंगाला ओळीत २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. आपला मॉड या दुसऱ्या केबलला साजेसा होता.

जाळीचं कारणही तिथेच मिळालं. केबलने सिंक पिन ९ वरून, म्हणजे कंपोझिटमधून घेतलं होतं. आरजीबी जोडणीत कंपोझिटमधलं फक्त सिंक वापरलं जातं, पण रंगाची ३.५८ मेगाहर्ट्झची लहर त्याच केबलमधून, लाल-हिरव्या-निळ्या तारांना खेटून धावत असते. शेजारच्या तारांत ती पाझरली की एकरंगी भागात जाळी दिसते.

स्कार्टचं डोकं उघडलं. तिन्ही रेझिस्टर काढले, तिन्ही रंगांच्या ओळीत २२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर घातले, धन टोक कन्सोलच्या बाजूला. सिंकची तार पिन ९ वरून पिन ७ वर नेली. पिन ७ म्हणजे एस-व्हिडिओचा लुमा, उजेडाची तार: त्यात सिंक आहे, रंगाची लहर नाही, आणि पातळीही ७५ ओहमच्या केबलला योग्य अशी आहे. पिन ३ वरचं स्वतंत्र सिंक ऐकायला जास्त शुद्ध वाटतं, पण ते प्रत्येक बोर्डावर मिळेलच असं नाही, आणि जिथे मिळतं तिथे ते लॉजिकच्या पातळीचं, म्हणजे काही व्होल्टचं असू शकतं. ओळीत रेझिस्टर न घालता ते पुढच्या यंत्रात सोडणं धोक्याचं आहे. लुमाने काम होत असताना तो धोका पत्करायचं कारण नव्हतं.

यानंतर उजेड जागेवर आला आणि जाळी गेली.

दुसरं चित्र: स्वच्छ, तरीही मऊ

आता रंगांच्या सीमा धारदार होत्या, लाल अक्षरं लालच होती, मेनूतला बारीक मजकूर वाचता येत होता. मालक बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "रंग मस्त झालेत, पण कडा अजून धुरकटच आहेत ना?"

बरोबर होतं. हाच तो मऊपणा, जो एस-व्हिडिओच्या चाचणीतही हलला नव्हता. केबल बदलून, एन्कोडर टाळूनही जो दोष तसाच राहतो, तो एन्कोडरच्या आधी जन्मलेला असतो. निन्टेंडो ६४ मध्ये तो आरसीपीच्या आत जन्मतो आणि तो बिघाड नाही, रचनेचा भाग आहे.

१९९६ साली बाजारात आलेल्या या कन्सोलने घरगुती त्रिमिती चित्राच्या दातेरी कडा लपवण्याचं काम गंभीरपणे अंगावर घेतलं होतं. चित्र रंगवताना आरसीपी प्रत्येक कडेच्या पिक्सेलसाठी त्याचा किती भाग व्यापला गेला ही माहिती साठवते. त्यासाठी कन्सोलची मेमरीसुद्धा आठऐवजी नऊ बिटांच्या बाइटची आहे. चित्र बाहेर पाठवताना आरसीपीचा व्हिडिओ इंटरफेस हा भाग ती माहिती वापरून कडा शेजारच्या रंगांत मिसळतो. बहुतेक गेम मेमरीत प्रत्येक रंगाला पाचच बिट देतात, म्हणजे ३२ पायऱ्या, आणि मधल्या छटांसाठी ठिपक्यांचं मिश्रण करतात. तेच ठिपके पुसून छटा गुळगुळीत करणारा फिल्टरही तिथेच बसतो. शेवटी ३२० पिक्सेलची ओळ ताणून ६४० ची केली जाते आणि मधले पिक्सेल शेजाऱ्यांच्या सरासरीने भरले जातात. त्या काळच्या ट्यूबवर हे सगळं सुरेख मिसळून जायचं. मोठ्या एलसीडीवर ती प्रत्येक सरासरी उघडी पडते.

आपण सिग्नल या सगळ्याच्या नंतर उचलला होता. डिजिटल मॉडही नंतरच उचलतो. सात तारांवर येणारे आकडे आधीच मऊ झालेले असतात. म्हणजे सुरुवातीला मागितलेलं एचडीएमआय किट बसवलं असतं, तरी ही धूसरता तशीच्या तशी आली असती. फरक इतकाच की काही डिजिटल बोर्डांत ताणताना भरलेले मधले पिक्सेल गाळण्याची सोय असते. ॲनालॉग मॉडमध्ये ती नाही. कडांची आणि छटांची सरासरी गाळायची तर गेमलाच व्हिडिओ इंटरफेसचे फिल्टर बंद करायला सांगावं लागतं, आणि त्यासाठी त्या-त्या गेमसाठी तयार केलेले चीट कोड किंवा पॅच वापरले जातात.

एका गेमवर तसा कोड लावून दाखवला. चित्र एकदम टोकदार झालं. त्याचबरोबर जिन्यासारख्या कडा उघड्या पडल्या, आकाशात ठिपक्यांची चाळण दिसू लागली. मालकांनी कोड बंद करायला सांगितला आणि मूळ चित्र पुन्हा पाहिलं. दूरच्या वस्तू ओळखाव्या लागतात अशा गेमसाठी कोड चालू ठेवायचा आणि बाकी सगळीकडे मूळ चित्र, असं त्यांनी ठरवलं. मला हा निर्णय आवडला, कारण तो तुलना करून घेतलेला होता.

एक मर्यादा उरली, तीही त्यांना दाखवून दिली. काही गेम मेनूत किंवा जास्त रिझोल्यूशनच्या मोडमध्ये २४०पी वरून ४८०आय वर जातात. ओएसएससी चित्र साठवून ठेवत नाही, म्हणूनच त्यात उशीर जवळपास शून्य असतो. त्याच कारणाने मोड बदलला की एचडीएमआयचा सिग्नलही बदलतो आणि टीव्ही क्षणभर काळा होतो. ४८०आय मध्ये चित्र थोडं थरथरतंही. असे गेम कुणाच्या संग्रहात जास्त असतील तर चित्र साठवणारा स्केलर जास्त सोयीचा ठरेल. या संग्रहात ते थोडे होते.

कन्सोल बंद करताना बोर्डाचा फोटो, तारांचा नकाशा आणि कुठली तार कुठे उकलायची याची चिठ्ठी मालकांना दिली. केबलच्या स्कार्ट डोक्यावर मात्र ठळक लेबल चिकटवलं: 'युरोपीय सुपर निन्टेंडोला लावू नये'. रेझिस्टर काढल्यामुळे त्या कन्सोलवर ही केबल आता भडक, पांढरं पडलेलं चित्र देईल, आणि प्लग तर तिथेही बिनबोभाट बसतो.